तेवीस तास पंचेचाळीस मिनिटांचा दिवस

...नाही नाही, हसा तुम्ही, हसा! एकसष्टाव्या वर्षी पाठीला दप्तर अडकवून विद्यापीठात जाणाऱ्या माणसाला बघून हसणार नाही तर काय रडणार? माझी सख्खी लेक हसली, तिथे तुमचं काय घेऊन बसलात! फोनवर म्हणते, "बाबा, विषय कुठला घेतलात?" म्हटलं, स्त्री आणि लिंगभाव अभ्यास. तिकडे एकदम सामसूम. मला वाटलं रेंज गेली. मग हळूच आवाज आला, "आईला माहितीये का?" आता सांगा, हा काय प्रश्न झाला? मी काय दुसरं लग्न करतोय? आणि वर म्हणते, "असू दे हो बाबा, शिकायला वय नसतं." शिकायला वय नसतं म्हणे! ज्यानं कुणी हे वाक्य पहिल्यांदा काढलं ना, त्याला आमच्या विभागाचे तीन मजले चढायला लावा. लिफ्ट आहे, पण तिच्यावर पाटी आहे, 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी'. तिसऱ्या मजल्यावर पोचला की मग विचारा त्याला, वय असतं की नसतं.

पण थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल ह्याला म्हातारचळ लागलाय. मी कारखान्यात होतो. बत्तीस वर्षं. काम काय, तर टाइम स्टडी. म्हणजे कामगार लेथवर उभा, त्याच्या मागे मी उभा, एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात बोर्ड, बोर्डाला कागद. तो पार्ट उचलतो, चार सेकंद. लावतो, अकरा सेकंद. नाक पुसतो, दोन सेकंद... तेही लिहायचं! अख्ख्या कारखान्यात मला नावानं कुणी हाक मारली नाही, सगळे 'घड्याळ' म्हणायचे. "ए, घड्याळ आलं रे!" अशी आरोळी आली की लगेच सगळ्यांचे हात संथ. कारण घड्याळासमोर भरभर काम केलं तर उद्यापासून रोज तेवढंच भरभर करावं लागतं ना! पण मी कुणाला फसलो नाही. घड्याळ खिशात ठेवायचो आणि सेकंद मनात मोजायचो. बत्तीस वर्षांत माझ्या कागदावर एक मिनिट जरी बेवारशी सापडलं असेल ना, तर मिशी उतरवून देईन.

आणि निरोपाच्या दिवशी काय झालं? साहेब भाषणाला उभे राहिले. साहेब म्हणजे कालचं पोर हो, माझ्या लेकीपेक्षा लहान. म्हणाले, "आपल्या काकांनी डिग्री नसतानाही फार चांगलं काम केलं." डिग्री नसतानाही! अहो, डिप्लोमा होता माझा, तो काय मी रद्दीत घातला होता? त्याच्या आधीचे चार साहेब माझ्याकडून काम शिकून वर गेले आणि मी आपला त्याच खुर्चीत. का? डिग्री नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सवयीनं मीही वाजवल्या. पण घरी येईपर्यंत तेच कानात. फार लागलं हो मनाला, खोटं कशाला बोलू. ठरवलं, मरायचं तेव्हा मरेन, पण पदवीधर होऊन मरेन!

गेलो विद्यापीठात. ज्येष्ठांसाठी प्रत्येक विभागात एक जागा राखीव असते. खिडकीतला कारकून मान वर न करता बोलणारा. म्हटलं, इतिहास? "भरला." अर्थशास्त्र? "भरलं." राज्यशास्त्र? "तिथे दोन काका भांडतायत." अरे मग शिल्लक काय आहे बाबा? त्यानं कागद खालून वर वाचला, वरून खाली वाचला आणि पहिल्यांदाच मान वर करून मला न्याहाळलं. "काका, एकच आहे... पण ते तुम्हाला नाही झेपायचं." झालं! बत्तीस वर्षं ज्यानं भल्याभल्यांना घाम फोडला त्याला हा खिडकीतून सांगतोय, झेपायचं नाही! म्हटलं, दे फॉर्म! विषयाचं नाव मी बाहेर येऊन वाचलं. आणि मग जवळच्या कट्ट्यावर जरा बसलो.

पहिला दिवस. वर्गात तेवीस मुली. मी दारात. एक पुढच्या बाकावरची, केस एवढेसे कापलेले, ती म्हणते, "काका, तो मागचा." मी म्हटलं, काय मागचा? "मागचा पंखा, तोच कुरकुरतोय." तिला वाटलं मी पंखा दुरुस्त करायला आलोय! आता काय सांगू, मी तुमच्या वर्गात शिकायला आलोय? दप्तरातून पक्कड काढली... असते हो माझ्या दप्तरात पक्कड, त्यात हसण्यासारखं काय आहे... बाकावर चढलो, पंखा दुरुस्त केला, खाली उतरलो आणि त्याच बाकावर बसलो. त्यांना वाटलं दम लागलाय. पाणी दिलं. दहा मिनिटं झाली तरी मी उठत नाही! तेवढ्यात मॅडम आल्या, हजेरी घेतली, चोविसावं नाव पुकारलं आणि मी म्हटलं, "हजर." त्या पुढच्या बाकावरचीचा चेहरा बघायला हवा होता. तेव्हापासून ती मला फार जपते, बिचारी. तिचं नाव मी 'पंखेवाली' ठेवलंय.

आणि विषय कसा? पहिल्याच तासाला मॅडमनी शब्द काढला, पितृसत्ता. शब्द आला रे आला की तेवीस माना गर्रकन मागे वळतात आणि माझ्याकडे बघतात. अरे, मी काय केलंय? मी आत्ताच आलोय! एका तासात चौदा वेळा आला. चौदा वेळा तेवीस माना. मोजलं मी, बसल्या बसल्या दुसरं काय करणार? शेवटी हात वर केला. म्हटलं, "मॅडम, ही सत्ता माझ्याकडे कधी होती? घरात रिमोटसुद्धा माझ्या हातात नसतो." मॅडम एवढ्याशा, आवाज मात्र खणखणीत. म्हणाल्या, "काका, रिमोट राहू द्या. शेवटचा रुमाल स्वतः कधी धुतलात?" आता ह्याचा आणि त्याचा काही संबंध आहे का? ...नाही, संबंध आहे, तो मला दुसऱ्या सहामाहीत कळला. पण त्या वेळी नव्हता कळला.

पहिल्या परीक्षेत शंभरात एक्केचाळीस पडले. मी खूश! पास झालो ना! घरी येऊन हिला गुणपत्रिका दाखवली. ही म्हणजे आमची ही. तिनं चष्मा लावला, बघितलं आणि म्हणाली, "अहो, बाईबरोबर बत्तीस वर्षं संसार केलात, आणि बाईच्या विषयात एक्केचाळीस?" बरं, हिच्या स्वभावाचं एक सांगतो, ही भांडत नाही. ओरडत नाही. एकच वाक्य टाकते आणि भाजी चिरायला जाते. ते वाक्य आपण दिवसभर चघळत बसायचं.

असं करत करत अडीच वर्षं ढकलली. गुडघ्याला बाशिंग बांधलेला उतावळा नवरा ऐकला असेल तुम्ही, मी गुडघ्याला पट्टा बांधून जिने चढलो. शिकायला वय नसतं म्हणे! तर राहिला शेवटचा टप्पा. एकच पेपर, तोही लेखी नाही, प्रकल्प. त्यात पास झालो की पदवी हातात. आणि प्रकल्प काय, माहितीये? मॅडमनी फळ्यावर लिहिलं: घरातल्या दोन माणसांच्या वेळेची नोंद, सात दिवस, चोवीस तास, दर पंधरा मिनिटांनी!

अहो, मला रडूच यायचं बाकी राहिलं! म्हणजे माझा धंदाच की हा! प्रत्येक माणसाचा दर दिवसाला एक कागद, कागदावर शहाण्णव रकाने, प्रत्येक रकान्यात आकडा भरायचा, शेजारी हवं तर कामाचं नाव. घरकाम असेल तर एक, नोकरी दोन, कुणाची काळजी घेणं तीन, प्रवास चार, झोप पाच, विश्रांती सहा, इतर सात. पोरी रडकुंडीला आल्या, "काका, दर पंधरा मिनिटांनी कसं हो लिहायचं?" मी खुर्ची ओढली, पाय ताणले आणि म्हटलं, "बाळांनो, या इकडे." तीन दिवस मी वर्ग घेतला त्यांचा! बोर्ड कसा धरायचा, नजर कुठे ठेवायची, माणूस संथ होतोय हे कसं ओळखायचं... मॅडमसुद्धा दारात उभं राहून ऐकत होत्या. मी मनात म्हटलं, या विषयात हा गडी पहिला येणार.

आणि घरी सुरुवात केली. सकाळी साडेसहा. ही ओट्यापाशी, मी तिच्या मागे. हातात बोर्ड, घड्याळ चालू. टिक. तिनं पातेलं उचललं. टिक. नळ सोडला. टिक. ही थांबली. वळली. पळी खाली ठेवली. "काय चाललंय?" म्हटलं, तू तुझं काम चालू ठेव, माझ्याकडे बघू नकोस. "मी काय तुमच्या कारखान्यातली आहे?" म्हटलं, अगं, शास्त्र आहे ते! "शास्त्र असेल तर चहा तुमच्या शास्त्रालाच करायला सांगा." आणि गेली बाहेर. पहिल्याच दिवशी संप! बत्तीस वर्षांत कामगारांनी मला शिव्या दिल्या, टायरमधली हवा सोडली, पण चहाविना ठेवलं नव्हतं हो कुणी.

मग तोडगा काढला. मी लांब बसायचं, समोर पेपर धरायचा, पेपराच्या आड बोर्ड. तिला माहीत होतं, मला माहीत होतं की तिला माहीत आहे, पण घर असंच चालतं, नाही का? दोन दिवस बघितलं आणि माझ्या लक्षात आलं, हिची चाल फार वाया जाते. मीठ या टोकाला, साखर त्या टोकाला, चहाची पावडर वरच्या फळीवर! एका चहाला एकोणीस पावलं! कारखान्यात असतं तर मी एका दिवसात मशीनची जागा बदलली असती. ही दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. मी म्हटलं, आल्यावर बघेल तर खूश होईल... पंचेचाळीस मिनिटांत अख्खा ओटा बदलला. सगळे डबे हाताशी, उंचीनुसार, वापरानुसार. चहा सहा पावलांत!

ही आली. अर्धा जबडा बधिर, बोलता येत नव्हतं, हेच माझं नशीब. तिनं ओट्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. एक शब्द न बोलता चहा केला. मी पहिला घोट घेतला... अहो, मीठ! साखरेच्या जागी सवयीनं हात गेला, तिथे मी मीठ ठेवलेलं. आणि सांगायची सोय नाही. समोर बसून ही बघतेय. प्यालो. अख्खा कप प्यालो. सहा पावलांत केलेला चहा. दुसऱ्या दिवशी सगळे डबे आपापल्या जागी परत, आणि मी तो विषय कायमचा मिटवला.

सात दिवस भरले. कागद नेऊन मॅडमना दिले. मी आपला छाती काढून उभा. मॅडम वाचतायत, वाचतायत, मधेच थांबल्या. "काका, तुमच्या रकान्यात 'काम' रोज नऊ तास?" म्हटलं, हो. "तुम्ही तर निवृत्त." म्हटलं, घरात कामं काय कमी असतात? "हे काय... 'वृत्तविषयक माहिती संकलन', दीड तास?" म्हटलं, पेपर वाचतो ना. "आणि 'परिसर सुरक्षा पाहणी', एक तास?" ते फाटकावर वॉचमनशी बोलतो ते. मॅडम ओठ दाबून हसल्या. मग हिच्या कागदावर आल्या आणि हसायच्या थांबल्या. "यांना रोज चार तास विश्रांती?" म्हटलं, मॅडम, मी स्वतः बघितलंय. फोनवर हसत असते, पलंगावर पडलेली असते, खिडकीशी उभी असते. सगळीकडे सहा भरलाय. मॅडमनी लाल पेन काढलं आणि प्रत्येक सहावर प्रश्नचिन्ह. "त्यांना विचारलंत?" म्हटलं, टाइम स्टडीत कामगाराला विचारत नाहीत. "इथे विचारतात. जा, विचारून या."

आता आली का पंचाईत! शिकायला वय नसतं, पण बायकोला जाऊन 'तू काल सव्वाअकराला काय करत होतीस' विचारायला वय असतं हो! संशयी नवरा वाटतो माणूस. तरी विचारलं. म्हटलं, अगं, सव्वाअकरा ते पावणेबारा, फोनवर खो-खो हसत होतीस, ती विश्रांतीच ना? ही म्हणाली, "तुमच्या ताईंचा फोन. एकट्या असल्या की गोळ्या घेत नाहीत. मी बोलत राहते, हसवत राहते आणि गोळी घेतली का विचारते. घेतली की ठेवते." माझी ताई हो! माझी सख्खी थोरली बहीण! दीड वर्षापासून चाललंय हे, आणि मला वाटायचं ताईला आता बरं वाटतंय. बरं, म्हटलं, दोन ते अडीच, डोळे मिटून पडली होतीस? "लेकीच्या बाळंतपणाला जायचंय. कुणी कधी जायचं, तुमच्या जेवणाचं काय, तुमच्या गुडघ्याच्या डॉक्टरची तारीख मधे येते ती कशी बदलायची, ते लावत होते डोक्यात. डोळे उघडे ठेवले की तुम्ही काहीतरी मागता." खिडकीशी? "नळाचा माणूस येतो म्हणाला होता, तीन दिवस येतोय. कोण बघणार? तुम्ही पाहणी करत होतात ना फाटकावर?"

एकेक सहा खोडत गेलो मी. एक, तीन, तीन, एक... चार तासांची विश्रांती कुठल्या कुठे गेली. आणि मग तिनं हात पुढे केला. "तुमचा कागद दाखवा." अहो, नऊ तासांचं काम होतं माझं! पेन घेऊन बसली. माहिती संकलन, सहा. सुरक्षा पाहणी, सहा. 'स्वयंपाकघर निरीक्षण' हे मी लिहिलं होतं, तिथे ती एवढी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. तेही सहा. शेवटी उरलं किती? एक तास दहा मिनिटं. आणि वर म्हणते, "दहा मिनिटं गुडघ्यांसाठी सवलत धरलीये." साहेब परवडला हो!

आता शेवटचा राहिला होता एकच सहा. रोज, साती दिवस, दुपारी सव्वाचार ते साडेचार. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, तिथून गच्चीकडे जिना जातो. त्या जिन्यावर ही बसते. फोन नाही, पुस्तक नाही, हातात काही नाही. नुसती. म्हटलं, हे काय असतं? तिनं पेनाला टोपण लावलं. म्हटलं, कुणाची वाट बघतेस? "नाही." विचार करतेस? "ते नाही सांगणार." अगं, आकडा भरायचाय! "नका भरू." विश्रांती लिहू? "नाही." काळजी? "नाही." इतर लिहितो, सात! "काही म्हणजे काही लिहायचं नाही. तेवढी पंधरा मिनिटं तुमच्या कागदावर यायची नाहीत."

मी वैतागलो. म्हटलं, रकाना रिकामा ठेवता येत नाही, नापास करतील मला! तर म्हणाली, "अहो, चौतीस वर्षं या घरातल्या माझ्या एकाही गोष्टीला कुलूप नाही. कपाट उघडं, पाकीट उघडं, फोन उघडा. कुणीही यावं, कुणीही उघडावं. एवढं एक माझं आहे. त्याला नाव दिलंत, आकडा दिलात, की ते तुमच्या विद्यापीठाचं झालं." आणि गेली भाजी चिरायला.

आता तुम्हीच सांगा, माणसाला झोप लागेल? मला राग आला, खोटं नाही बोलत. आणि रागापेक्षा जास्त... वाईट वाटलं. चौतीस वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाचं असं काहीतरी आहे, आणि आपल्याला त्याचा पत्ताच नाही! काय करत असेल तिथे? रडत असेल? माझ्याबद्दल असेल का काही? दुसऱ्या दिवशी सव्वाचारला ती गेली आणि मी अनवाणी, दबकत, दाराआड जाऊन उभा. श्वास रोखला. घड्याळ नाही, मनात सेकंद मोजतोय. एक मिनिट... चार... सहा... काही नाही. रडणं नाही, पुटपुटणं नाही. नुसती पाठ दिसतेय. नवव्या मिनिटाला मागे न बघता म्हणाली, "अहो, गुडघा वाजतोय तुमचा. आत जाऊन बसा." गेलो. काय करणार?

तोंडी परीक्षेचा दिवस आला. बाहेरून परीक्षक आलेल्या. जाड भिंगाचा चष्मा, तोंडावर हसू म्हणून नाही. शेजारी आमच्या मॅडम. बाहेर दाराला कान लावून तेवीस पोरी. परीक्षकबाईंनी कागद चाळले आणि म्हणाल्या, "इतकी स्वच्छ नोंद मी कधी बघितली नाही." ऐकलंत? कधी बघितली नाही! माझ्या डोळ्यांसमोर साहेब उभा राहिला. तेवढ्यात बाईंचं बोट थांबलं. "यांच्या कागदावर भरलेले रकाने पंच्याण्णवच आहेत." म्हटलं, हो. "तेवीस तास पंचेचाळीस मिनिटं. दिवस चोवीस तासांचा असतो." म्हटलं, कल्पना आहे. "मग सव्वाचार ते साडेचार काय?" म्हटलं, ते सांगता येत नाही. "तुम्हाला माहीत नाही?" म्हटलं, नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं, तिची परवानगी नाही.

मॅडम मधे पडल्या, "संमती नसेल तर ते बरोबरच आहे, आपण शिकवतोच तसं..." परीक्षकबाई म्हणाल्या, "बरोबर आहे हो, मलाही पटतंय. पण संगणकाला नाही ना पटत! शहाण्णव आकडे भरल्याशिवाय तो गुण घेतच नाही, लाल पट्टी येते." आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. हळूच म्हणाल्या, "काका, काहीही भरा. सहा भरा, सात भरा. त्यांना कुठे कळणार आहे? मी ऐंशीच्या पुढे गुण देते."

तुम्हाला सांगतो, पेन घेतलं मी हातात. घेतलं! ऐंशीच्या पुढे! पदवी! सात दिवसांचे सात आकडे, अर्ध्या मिनिटाचं काम. आणि बत्तीस वर्षांची सवय, रिकामा रकाना दिसला की हात शिवशिवतो हो माझा. टोक टेकवलं कागदाला... आणि तिची ती पाठ दिसायला लागली. चौतीस वर्षांत तिनं माझ्याकडे काय मागितलं असेल? आठवायला गेलो तर आठवेना. एवढंच मागितलं होतं, की इथे काही लिहू नका. पेन ठेवलं खाली. म्हटलं, "बाई, राहू द्या. दिवस तेवढाच होता."

बाहेर आलो तर पोरींनी टाळ्या काय वाजवल्या, पंखेवालीनं तर गळ्यातच पडून रडायला सुरुवात केली. मॅडम म्हणाल्या, "काका, या विभागात आजपर्यंत तुमच्याइतका नीट कुणी शिकला नाही." फार बरं वाटलं. संध्याकाळी निकाल लागला. नापास! या विभागात नापास झालेलाही मीच पहिला, म्हणजे दोन्ही बाजूंनी पहिलाच की. शिकायला वय नसतं म्हणे! नापास व्हायलाही नसतं, एवढं मला कळलं.

घरी आलो. मनात म्हटलं, आता हिला सगळं सांगू, निदान हिला तरी भरून येईल. दोन चांगले शब्द बोलेल. सांगितलं. पेन कसं पुढे सरकवलं, ऐंशीच्या पुढे कसे देत होत्या, मी कसं खाली ठेवलं... सगळं! ही ऐकत होती. हातातलं फडकं तसंच हातात. डोळे जरा ओले झाल्यासारखे वाटले मला. आणि मग काय म्हणाली, सांगू? म्हणाली, "अहो, काहीतरी भरून टाकायचंत की!"

मी उडालो! म्हटलं, अगं बाई, तूच म्हणालीस ना, काही म्हणजे काही लिहायचं नाही? "म्हणाले होते हो. पण तुम्ही ऐकाल असं मला कुठे वाटलं होतं! आजवर कधी ऐकलंत?"

घ्या! म्हणजे चौतीस वर्षांत एकदा, फक्त एकदा बायकोचं ऐकलं, आणि त्यात नापास झालो! फेरपरीक्षेचा फॉर्म भरलाय मी. पुन्हा तेच सात दिवस, तेच शहाण्णव रकाने. कालच हिच्यापुढे कागद ठेवला आणि म्हटलं, बघ हं, या वर्षी तुझी ती पंधरा मिनिटं... तर मला मधेच थांबवून म्हणाली, "हो, बरं झालं तुम्हीच विषय काढलात. या वर्षी मला अर्धा तास लागेल."